मदत हवी आहे: सी अँड ओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याच्या काठाने कंबरलँड ते जॉर्जटाउन, सायकलवर चार दिवसांत

ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी आणि माझी सोळा वर्षांची लेक मेरीलँडमधल्या कंबरलँडहून निघून पोटोमॅक नदीच्या काठाकाठाने वॉशिंग्टनमधल्या जॉर्जटाउनला जायचं म्हणतोय. १८४.५ मैल, म्हणजे २९७ किलोमीटर. सुट्टी चारच दिवस. आजवर आम्ही एका दिवसात जास्तीत जास्त ३५ मैल केलेत, तेही डांबरी रस्त्यावर, पाठीला ओझं नसताना.

मुक्काम लिटल ऑर्लिन्स, विल्यम्सपोर्ट आणि ब्रन्सविक. रोज ४१-४५ मैल, शेवटच्या दिवशी ५५. कंबरलँडहून सुरुवात उतारासाठी. उतार तरी केवढा, सगळा मिळून ६०५ फूट, तोही ७४ लॉकपाशी (बोटी खालीवर करणाऱ्या दरवाजांच्या हौदांपाशी) वाटून घेतलेला. बोटी ओढणाऱ्या खेचरांची वाट ती, चढ असणार कुठून!

पहिली अडचण टायरची. आमचे ३२ मिलिमीटर रुंदीचे आहेत. पाऊस झाला तर त्या कच्च्या वाटेच्या मातीत चालतील का?

दुसरी पाण्याची. कॅम्पच्या जागांवर हातपंप असतात म्हणे. त्यांच्या भरवशावर राहायचं का?

तिसरी, आणि झोप उडवणारी, पॉ पॉ बोगद्याची. ३,११८ फूट लांब, आत दिवे नाहीत. लेकीला बंद अंधाऱ्या जागेत घाबरायला होतं, लिफ्टमध्येसुद्धा माझा हात धरते. "जाईन गं" म्हणतेय, पण मी तिला ओळखते. १८३६ ला सुरू झालेलं ते काम १८५० ला संपलं. तोवर कालव्याशी शर्यत लावलेली रेल्वे कंबरलँडला पोचून आठ वर्षं झाली होती. हे सांगून तिला हसवलं, पण भीती काही गेली नाही.

प्रतिसाद १
३२ चे टायर कोरड्यात चालतील, ओल्यात रडवतील. ४० च्या पुढचे बसत असतील तर बसवा, आणि मडगार्ड व टायर यांत बोटभर जागा ठेवा. माझ्या मडगार्डमध्ये चिखल आणि पानं इतकी ठासून बसली की चाक फिरेना. दर मैलाला काडीने उकरत होतो. त्या दिवसांत मुळांवर पानं पडलेली असतात, खालचं दिसत नाही. पाऊस आलाच तर हॅन्कॉकच्या आसपास वेस्टर्न मेरीलँड रेल ट्रेल हा जुन्या रेल्वेमार्गावरचा सायकलमार्ग कालव्याला समांतर जातो, तो डांबरी आहे. तिथे चढा आणि सुखाने जा.

प्रतिसाद २
पाणी: पंप हिवाळ्यात बंद करतात, ऑक्टोबरमध्ये बहुधा चालू असतात. तरी एखादा नादुरुस्त निघतोच, म्हणून दोघींकडे दोन-दोन लिटर हवंच. कंबरलँड ते हॅन्कॉक खाण्यापिण्याची सोय फार विरळ आहे, पहिल्या दिवसाचं जेवण सोबतच घ्या. कॅम्पच्या जागांना आरक्षण नसतं, जो आधी येईल त्याची जागा, आणि एका ठिकाणी एकच रात्र. साडेसहाच्या सुमारास सूर्य मावळतो, त्याआधी तंबू लागलेला बरा.

बोगदा: सायकल हातात धरून चालतच जायचं. कडेला कठडा आहे, पण वाट अरुंद, खालची जमीन खडबडीत आणि मध्ये डबकी. पलीकडचं तोंड लहानशा ठिपक्यासारखं दिसत राहतं, घाबरणाऱ्याला त्याचा आधार वाटतो. नाहीच जमलं तर डोंगरावरून पायवाट आहे, साधारण दोन मैलांची, चांगलीच चढाची. लेकीला तिथून चालत पाठवा, पण सामान लादलेली सायकल घेऊन तो चढ चढायच्या भानगडीत पडू नका.

धागाकर्ती
दोघांचेही आभार. ४२ चे टायर बसतात असं दुकानदार म्हणाला, मडगार्ड मात्र काढावे लागतील. काढते.

डोंगरवाटेचं लेकीला वाचून दाखवलं. तिने हिशोब केला: "म्हणजे मी वरून चालत जाणार आणि तू एक सायकल नेणार, परत येणार, मग दुसरी नेणार. तू तीनदा बोगदा पार करण्यापेक्षा मी एकदाच करते." मी गप्प बसले.

आता एवढंच सांगा, आत हातातला टॉर्च पुरेल की डोक्याला बांधायचा घेऊ? एका हाताने सायकल, दुसऱ्या हाताने लेक धरायची आहे.