पोस्टग्रेस डेटाबेसमध्ये सी भाषेत लिहिलेल्या फंक्शनने ओळी एकेक द्याव्यात की एकदम?

गोदाकाठ:
अनेक ओळी परत करणारं सी फंक्शन लिहायच्या दोन पद्धती आहेत. व्हॅल्यू-पर-कॉल, म्हणजे दर कॉलला एक ओळ. किंवा मटेरियलाइझ, म्हणजे टपलस्टोअर (ओळींचा तात्पुरता साठा) भरून एकदम हवाली. माझ्या मते नवीन कोड सरळ मटेरियलाइझनेच लिहावा. १६ व्या आवृत्तीत इनिटमटेरियलाइझ्डएसआरएफ() सगळी मांडामांड करून देतं. पुढे लूपमध्ये टपलस्टोअर_पुटव्हॅल्यूज(), शेवटी रिटर्न (डेटम) ०. संपलं.

घासाघीस:
आणि कोटीभर ओळींवर लिमिट १० लावली तर? वर्क_मेम, म्हणजे अशा कामासाठीची मेमरीची मर्यादा, मुळात ४ एमबी. तो भरला की टपलस्टोअर डिस्कवर जाणार. एकेक ओळ देणारं फंक्शन दहा ओळींवर मोकळं होतं.

गोदाकाठ:
फ्रॉममध्ये होत नाही! तिथे फंक्शन चालवणारा प्लॅनमधला नोड, फंक्शनस्कॅन, तुमच्या एकेक ओळी गोळा करून स्वतःच टपलस्टोअर भरतो, मग पुढे देतो. आकड्यांची मालिका देणारं जनरेट_सिरीज एकेक ओळच देतं, तरी फ्रॉममध्ये कोटीची मालिका मागून लिमिट ५ लावा. एक्सप्लेन अनॅलाइझमध्ये बफर्स चालू ठेवलेत तर टेम्प रिटनचा, म्हणजे तात्पुरतं डिस्कवर लिहिल्याचा, आकडा दिसेल.

घासाघीस:
मग सिलेक्टच्या यादीत घाला. आवृत्ती १० पासून तिथे प्रोजेक्टसेट नोड असतो, लिमिट भरली की पुढची ओळ मागितलीच जात नाही.

पेजफॉल्ट:
गोची तिथेच आहे. मागणं थांबलं की फंक्शन ‘ओळी संपल्या’ सांगणाऱ्या एसआरएफ_रिटर्न_डनपर्यंत पोचतच नाही. ‘फाइल शेवटच्या कॉलला बंद करू’ असं लिहिलेलं असेल तर ती तशीच उघडी. एसपीआयचंही (सी फंक्शनच्या आतून एसक्यूएल चालवायची सोय) तेच दुखणं: परतण्याआधी एसपीआय_फिनिश हवंच, त्यामुळे जोडणी पुढच्या कॉलपर्यंत धरून ठेवता येत नाही.
शिवाय मेमरी. पहिल्या कॉलला मल्टी_कॉल_मेमरी_सीटीएक्समध्ये (सगळ्या कॉलभर टिकणारी मेमरी) न जाता पॅलॉकने मेमरी घेतली की पुढच्या कॉलला त्या जागी कचरा. साध्या बिल्डमध्ये कधीकधी चालूनही जातं, हे जास्त वाईट. असर्ट (आतल्या तपासण्या) चालू ठेवून बिल्ड करा. मोकळी झालेली मेमरी ०x७एफने भरली जाते, डीबगरमध्ये ७एफ७एफ७एफ७एफ दिसलं की समजायचं.

घासाघीस:
फाइलवर उपाय आहे. रजिस्टरएक्सप्रकॉन्टेक्स्टकॉलबॅक() लावा, म्हणजे क्वेरी आटोपताना फाइल बंद करणारं तुमचं फंक्शन बोलावलं जाईल. एरर आल्यावर तो कॉलबॅक चालत नाही, म्हणून फाइल अ‍ॅलोकेटफाइल()नेच उघडा; ट्रान्झॅक्शन गुंडाळताना ती बंद होते.

पेजफॉल्ट:
एवढी उस्तवार फक्त लिमिटसाठी? ओळी खरोखर अमर्याद असतील तरच. आणि पद्धत कुठलीही घ्या, क्रिएट फंक्शनमध्ये ROWS, म्हणजे अंदाजे किती ओळी येतील तो आकडा, लिहा. नाहीतर क्वेरी कशी चालवायची ते ठरवणारा प्लॅनर १००० ओळी धरून चालतो आणि पुढचा जॉइन भलताच निवडतो.