कांद्याच्या यंत्राचं पेटंट शोधायचंय, नुसते चॉपरच येतात. मदत हवी आहे

सातपूरकर७२: मंडळी, डोकं फिरायची वेळ आलीये. पेटंटचं काम बघणारे म्हणाले, जगात असं आधी कुणी केलंय का ते शोधा. गूगल पेटंट्सवर इंग्रजीत 'कांदा कापायचं यंत्र' टाकलं, तर सगळे स्वयंपाकघरातले चॉपर! तीन रात्री गेल्या. ते कोड असतात ना, त्यावरून कसं शोधतात? शनिवारपर्यंत हवंय.

निफाडचा: यंत्र करतं काय?

सातपूरकर७२: लिहिलंय की. कांदा कापतं.

निफाडचा: चकत्या पाडतं का पात छाटतं?

सातपूरकर७२: पात आणि मुळ्या छाटतं. चकत्या कोण पाडणार राव! वर्कशॉप आहे आपलं, मेव्हण्यासाठी केलं.

रेवती_दादर: मग 'कापणे' हा शब्दच सोडा. कुणी टॉपिंग लिहितं, कुणी ट्रिमिंग, चिनी अर्जात काय असेल देव जाणे. कोड मात्र सगळीकडे तोच. १९७१ च्या स्ट्रासबर्ग करारातून आलेलं आयपीसी, म्हणजे पेटंटांचं आंतरराष्ट्रीय विषयवार वर्गीकरण, ए ते एच असे आठ विभाग. कांद्याचे शेंडे-साली काढायची साधनं ए२३एन १५/०८ मध्ये. एस्पासनेटवर, म्हणजे युरोपच्या पेटंट ऑफिसच्या शोध-साइटवर, हा कोड टाका. एक जवळचं सापडलं की पहिल्या पानावर ५१ या आकड्यापुढे अजून कोणते कोड दिलेत ते बघा, त्यांच्या मागे जा. यंत्र ट्रॅक्टरमागे काढणीही करतं का? मग ए०१डी पण बघावं लागेल.

अंबडवाला: आयपीसी जुनं झालं. सीपीसी वापरा, युरोप-अमेरिकेच्या पेटंट ऑफिसांचं वर्गीकरण, २०१३ पासूनचं. कितीतरी बारीक आहे.

रेवती_दादर: बारीक आहे, मान्य. पण आपल्या भारतीय पेटंट ऑफिसच्या इनपास या शोध-साइटवर कोडने शोधायचं तर आयपीसीच लागतो. दोन्ही बघा. आणि गेल्या १८ महिन्यांतले बरेच अर्ज अजून प्रसिद्धच झालेले नसतात, ते कुठेच दिसणार नाहीत.

श्री_गणेश_एंटरप्रायजेस: भाऊ, आधी नाव रजिस्टर करून घ्या. ब्रँड महत्त्वाचा.

अंबडवाला: त्यांनी नाव विचारलंय का?

निफाडचा: ते जाऊ द्या. मान किती ठेवतं? आमच्याकडे एकाच्या यंत्राने पार बुडापासून छाटली, चाळीत निम्मा कांदा सडला.

सातपूरकर७२: इंचभर. कांदा लहान असो का मोठा, मान तेवढीच राहते. त्यासाठीच तर स्प्रिंगचा दांडा बसवलाय.

रेवती_दादर: अहो, हे पहिल्या ओळीत लिहायचं! तुमचं वेगळेपण तेच. त्या कोडखालच्या पेटंटांचे दावे, म्हणजे नेमका कशावर हक्क मागितलाय तो भाग, वाचा, असा दांडा कुणी मागितलाय का बघा.

सातपूरकर७२: ताई, दांडा व्हिडिओत स्पष्ट दिसतो, लिंक देऊ?

रेवती_दादर: कुठला व्हिडिओ?

सातपूरकर७२: यूट्यूबवरचा. गेल्या उन्हाळ कांद्याच्या वेळी टाकला होता.

रेवती_दादर: अर्ज त्याच्या आधी केला होता ना? तपासणाऱ्याच्या दृष्टीने तुमचा स्वतःचा व्हिडिओसुद्धा 'आधी जाहीर झालेली गोष्ट'च. पेटंट कायद्याच्या कलम ३१ ची सवलत सरकारने अधिसूचित केलेल्या प्रदर्शनांसारख्या मोजक्या ठिकाणांना, यूट्यूबला नाही. एजंटला आजच सांगा.

सातपूरकर७२: अर्ज कुठला, अजून शोधतोच आहे. व्हिडिओ आत्ता डिलीट केला. आता चालेल ना?