‘ॲक्सेस’ला मराठीत काय म्हणावं: उपलब्धता, पोहोच की आणखी काही?

प्रश्न
शहरी झोपडपट्ट्यांमधल्या मूलभूत सेवांवरचा एक अहवाल मराठीत आणायचा आहे. ‘ॲक्सेस टू वॉटर’ दर दोन ओळींनी येतं. ‘पाण्याची उपलब्धता’ चालेल का? आणि ‘इन्फॉर्मल सेटलमेंट’ला ‘अनौपचारिक वस्ती’ म्हणावं का?

प्रतिसाद १
‘उपलब्धता’ नको. धरण भरलेलं आहे, मोठी जलवाहिनी वस्तीला लागून गेली आहे, म्हणजे पाणी उपलब्ध आहेच. वस्तीत जोडणी दिलेली नाही, ही गोष्ट त्या शब्दात मावत नाही.

‘पोहोच’ त्यापेक्षा बरा, पण षष्ठी कुणाला लावता ते पाहा. ‘रहिवाशांची पाण्यापर्यंत पोहोच नाही’ म्हटलं की उणीव रहिवाशांची वाटते. ‘पाणीपुरवठा वस्तीपर्यंत पोहोचलेला नाही’ म्हटलं की ती पुरवठ्याची होते. अहवालाला बहुतेक ठिकाणी दुसरं म्हणायचं असतं.

प्रतिसाद २
मी तर नाम शोधूच नका म्हणेन. मराठीत याला चार क्रियापदं आहेत आणि चौघांचा अर्थ वेगळा आहे: नळ आहे, पाणी येतं, पाणी मिळतं, पाणी पुरतं. इंग्रजी शब्द या चारही पायऱ्या एकात गुंडाळतो आणि विषमता नेमकी तिथेच दडते.

हिशेब करून पाहा. एका सार्वजनिक नळाला मिनिटाला ७.५ लिटर धार आहे. आपत्तीतल्या मदतकार्यासाठी वापरल्या जाणाऱ्या ‘स्फिअर’ मानकांत अशा एका नळामागे जास्तीत जास्त २५० माणसं धरतात आणि माणशी दिवसाला किमान १५ लिटर. हे गणित साधारण ८ तास पाणी चालू राहील असं धरून बसवलेलं आहे. तेच पाणी २ तास सुटलं तर २० लिटरचा कॅन भरायला २ मिनिटं ४० सेकंद, एक उचलून दुसरा लावायला अर्धं मिनिट. दोन तासांत ३८ कॅन, म्हणजे ७६० लिटर. पाच माणसांच्या दहा घरांना ७५० लिटर लागतात. अकराव्या घराच्या दारातही नळ ‘आहे’, त्यात पाणीही ‘येतं’. त्या घराला ते ‘मिळत’ नाही.

‘येतं’च्या पुढेही एक अडचण आहे. पुरवठा बंद असताना वाहिनीतला दाब उतरतो, आणि सांधे गळके असतील, वाहिनी गटाराला चिकटून गेलेली असेल, तर बाहेरचं सांडपाणी आत ओढलं जातं. कुणी वाहिनीला थेट पंप लावला की ओढ वाढते आणि टोकाच्या घरांची धार तुटते. म्हणून सुरुवातीचं पाणी सोडून द्यावं लागतं. ते वाया गेलेलं पाणीही पुरवठ्याच्या आकड्यात मोजलेलं असतं.

प्रश्नकर्ता
पटलं. पण तक्त्याच्या शीर्षकात क्रियापद कुठे घालू?

प्रतिसाद २
धातुसाधित विशेषण करा. ‘घरात नळ असलेली कुटुंबे’, ‘रांगेसह जाऊन-येऊन ३० मिनिटांच्या आत पाणी मिळणारी कुटुंबे’. दुसरं शीर्षक जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या संयुक्त वर्गवारीतल्या ‘बेसिक’ (मूलभूत) पायरीचं आहे. स्रोत संरक्षित असावा अशी अटही तिथे आहे. ३० मिनिटांच्या वर गेलं की पायरी ‘मर्यादित’ होते. ‘रांगेसह’ हा शब्द गाळू नका. नळ पन्नास पावलांवर असून तासभर रांग असेल तर त्या शब्दावाचून आकडा खोटा ठरतो.

प्रतिसाद ३
‘अनौपचारिक’वर माझा स्पष्ट आक्षेप. मराठीत अनौपचारिक गप्पा असतात, अनौपचारिक भेट असते. शब्दात मोकळेपणा आहे. वस्तीला लावला की काहीच कळत नाही. ‘अनधिकृत’ म्हटलं तर निकालच देऊन टाकला, आणि पाणी न देण्याचं कारणही त्यातच पुरवलं. ‘नियोजनाबाहेर राहिलेली वस्ती’ लांब आहे, पण खरं आहे. पहिल्यांदा ते लिहा, पुढे नुसतं ‘वस्ती’ पुरे.

‘झोपडपट्टी’ टाकाऊ नाही, मात्र तो घराचं रूप डोळ्यांसमोर आणतो. यूएन-हॅबिटॅट या संयुक्त राष्ट्रांच्या वस्तीविषयक संस्थेची झोपडपट्टीची व्याख्या एकेका घराला लावायची असते: सुरक्षित पाणी, शौचालय, पुरेशी जागा (एका खोलीत तीनपेक्षा जास्त माणसं नकोत), टिकाऊ बांधकाम आणि राहत्या जागेची शाश्वती. पाचांतलं एक जरी नसलं तरी ते घर त्यात मोडतं. पक्क्या विटांचं दुमजली घरही मोडू शकतं, हे वाचकाला ‘झोपडी’ ऐकून सुचणार नाही.

प्रतिसाद १
एक राहिलं. ‘इम्प्रूव्हड टॉयलेट’चं ‘सुधारित शौचालय’ करू नका. डागडुजी केलेलं असा अर्थ होतो. तिथे अभिप्रेत आहे ते मैल्याशी माणसाचा संपर्क येऊ न देणारं.

तसंच ‘सामायिक’ आणि ‘सार्वजनिक’ वेगळे ठेवा. सामायिक म्हणजे ठरावीक कुटुंबांचं. किल्ली त्यांच्याकडे, सफाईची पाळीही त्यांचीच. सार्वजनिक म्हणजे येईल त्याचं. तिथे राखणदार, दिवा आणि पाणी यांची सोय कुणी करायची ते ठरलेलं नसेल तर रात्री बायका-मुलं जाऊ शकत नाहीत. तक्त्यात दोन्ही एका रकान्यात असतील, तर मूळ प्रश्नावली मागवून घ्या.