मदत हवी आहे: दारू बंद होऊन 12 दिवस झाले, एसजीपीटी फक्त 62, तरी कावीळ वाढतेय. सूज नक्की कुठे आहे?

कृष्णाकाठ
मेहुणे, वय 41. भरती केलं तेव्हा बिलिरुबिन (काविळीचा आकडा) 11.2 होतं, आज 16.8. एसजीओटी 188, एसजीपीटी 62. पांढऱ्या पेशी 17,800, ताप नाही. एक डॉक्टर म्हणतात दारूमुळे लिव्हरला सूज आहे, उद्यापासून स्टिरॉइड सुरू करू. दुसरे म्हणतात इतक्यात नको. एसजीपीटी 62 म्हणजे जवळपास नॉर्मलच ना? मग सूज कसली? आणि दारू बंद असताना वाढते कशी? उद्या सकाळी 10 ला होकार-नकार कळवायचा आहे. "डॉक्टरांना विचारा" एवढंच लिहू नका, विचारून झालंय.

निरंजन_पॅथ
पीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) किती? क्रिएटिनिन (किडनीचा आकडा)? अल्ब्युमिन (रक्तातलं प्रथिन)? पोटात पाणी आहे का? हे नसताना कोणीही सांगितलं तरी तो अंदाजच.

एसजीपीटीवर मात्र जाऊ नका. लिव्हरच्या पेशींतलं हे एन्झाइम तयार व्हायला बी-6 जीवनसत्त्व लागतं आणि रोज पिणाऱ्यात नेमकं तेच कमी असतं. त्यामुळे दारूच्या हेपॅटायटिसमध्ये (लिव्हरच्या सुजेत) एसजीओटी हे दुसरं एन्झाइम एसजीपीटीच्या दीडपटीहून जास्त आणि दोन्ही 400 च्या आत, हेच नेहमीचं चित्र. तुमच्याकडे तिप्पट आहे. आकडा हजारात असता तर उलट दुसरं कारण शोधावं लागलं असतं: विषाणू, पॅरासिटामॉलचा जास्त डोस किंवा लिव्हरचा रक्तपुरवठा तुटणं.

कृष्णाकाठ
आयएनआर 1.9. क्रिएटिनिन 1.3. पोट थोडं फुगलंय.

निरंजन_पॅथ
आयएनआर हे पीटीवरूनच काढलेलं गुणोत्तर, ते नको, पीटीचे सेकंद हवेत, रुग्णाचे आणि कंट्रोलचे. त्याच कागदावर शेजारी छापलेले असतात.

अश्विनी_गॅस्ट्रो
दारू बंद असताना कावीळ का वाढते ते सांगते, कारण नातेवाइकांचा सगळ्यात जास्त गोंधळ इथेच होतो.

दारूने आतड्याच्या अस्तराची वीण सैल होते. तिथल्या जिवाणूंच्या भिंतीचे तुकडे पोर्टल शिरेतून थेट लिव्हरला पोचतात. लिव्हरमध्ये कुप्फर पेशी पहाऱ्याला असतात. त्या तुकड्यांनी त्या चेततात आणि टीएनएफ, इंटरल्यूकिन-1, इंटरल्यूकिन-8 ही दाह पेटवणारी रसायनं सोडतात. इंटरल्यूकिन-8 च्या हाकेने न्यूट्रोफिल (जंतूंशी लढणाऱ्या पांढऱ्या पेशी) लिव्हरमध्ये घुसतात आणि दारूने आधीच फुगलेल्या पेशी फोडतात. पेशीपेशींमधल्या बारीक पित्तनलिकांत पित्त तुंबतं, म्हणून बिलिरुबिन चढतं. बाटली बंद केली की पहिली ठिणगी थांबते, पण आतड्याची वीण लगेच भरत नाही आणि पेटलेला दाह कित्येक आठवडे चालतो. पहिल्या काही दिवसांत बिलिरुबिन वाढलं म्हणजे ते चोरून पीत असतील असा संशय घेऊ नका.

17,800 चा प्रश्न याहून अवघड. निव्वळ दाहानेही पांढऱ्या पेशी आणि सीआरपी (दाह दाखवणारा रक्तातला आकडा) वाढतात, इन्फेक्शननेही वाढतात. ताप नसला म्हणून इन्फेक्शन नाही असं होत नाही. तुमच्या दोन डॉक्टरांचं भांडण बहुधा याच मुद्द्यावर आहे.

वनौषधी_सातारा
स्टिरॉइडच्या मागे लागू नका. गुळवेलीचा काढा सकाळ-संध्याकाळ अर्धी वाटी द्या, दाह शमतो.

अश्विनी_गॅस्ट्रो
कृपया देऊ नका. सप्टेंबर ते डिसेंबर 2020 मध्ये मुंबईत गुळवेल घेतलेल्या 6 जणांना लिव्हरची इजा झाल्याची नोंद 2021 मध्ये प्रसिद्ध झाली. गुळवेल प्रतिकारशक्ती चाळवते, इथे तीच बेफाम झालेली आहे.

वनौषधी_सातारा
त्यावर आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला होता, तेही लिहा.

अश्विनी_गॅस्ट्रो
घेतला होता, मान्य. पण बिलिरुबिन 16.8 असलेल्या माणसावर तो वाद सोडवायचा नाही.

कृष्णाकाठ
पीटी 22.4, कंट्रोल 12.8. अल्ब्युमिन 2.6. वजन 62.

निरंजन_पॅथ
22.4 वजा 12.8 म्हणजे 9.6. गुणिले 4.6 म्हणजे 44.2. त्यात बिलिरुबिन 16.8 मिळवा: 61. याला मॅड्रे स्कोअर म्हणतात. 32 च्या वर गंभीर. व्हिटॅमिन के दिल्यानंतरचा पीटी आहे का हेही विचारा. आधीचा असेल तर स्कोअर फुगलेला असू शकतो.

रात्रपाळी
रोज किती घ्यायचे ते लिहिलंच नाही.

कृष्णाकाठ
एक क्वार्टर. हल्ली कधी दोन.

रात्रपाळी
180 मिली, 42.8 टक्के, म्हणजे सुमारे 61 ग्रॅम शुद्ध अल्कोहोल. पुरुषात रोज 60 ग्रॅमच्या वर सहा महिने, ही या निदानाची एक अट आहे. "फक्त एक क्वार्टर" म्हणणाऱ्याला हे पटत नाही. बीअरवालेही यात येतात: 8 टक्क्यांची 650 मिलीची बाटली 41 ग्रॅम.

सह्याद्री_82
माझं फॅटी लिव्हर ग्रेड 1 आहे, आठवड्याला दोन पेग चालतील का?

रात्रपाळी
वेगळा धागा काढा.

मिलिंद_आयसीयू
स्टिरॉइडसोबत एन-अॅसिटिलसिस्टीनचं सलाईन मागा. 2011 च्या फ्रेंच चाचणीत महिन्याभरातले मृत्यू 24 वरून 8 टक्क्यांवर आले.

अश्विनी_गॅस्ट्रो
सहा महिन्यांच्या हिशेबात तो फरक ठोस उरला नाही, हे अर्धं वाक्य राहिलं. द्यायला हरकत नाही, पण निर्णय त्यावर अडलेला नाही.

स्टिरॉइडचं म्हणाल तर डोस ठरलेला आहे: प्रेडनिसोलोन 40 मिग्रॅ रोज, 28 दिवस. सातव्या दिवशी लिल स्कोअर काढायचा, 0.45 च्या वर गेला तर औषध लागू पडत नाही, बंद करायचं. 2015 च्या मोठ्या ब्रिटिश चाचणीत महिन्याभराचा फायदा थोडका आणि काठावरचा निघाला, आणि गंभीर इन्फेक्शन 7 ऐवजी 13 टक्क्यांना झालं. दाह विझवतो तेव्हा जंतूंवरचा पहाराही उठतो. टीएनएफ अडवणारी इंजेक्शनंही यासाठी वापरून पाहिली, त्यात इन्फेक्शनने मृत्यू वाढले.

म्हणून होकार देण्याआधी चार गोष्टी झाल्यात का विचारा: रक्त आणि लघवीचं कल्चर (जंतू वाढतात का ते बघणं), छातीचा एक्स-रे (आपल्याकडे टीबीसाठी हा हवाच), हेपॅटायटिस बी, आणि पोटातल्या पाण्याची तपासणी. शेवटची सगळ्यात महत्त्वाची.

मिलिंद_आयसीयू
प्रत्यारोपणासाठीही आत्ताच नाव नोंदवा.

अश्विनी_गॅस्ट्रो
तो प्रश्न त्यांनी विचारलेला नाही. लिल स्कोअर वाईट आला तर बोलू.

पथ्यपाणी
जेवणाबद्दल कोणी बोलेना. "लिव्हर बिघडलंय, डाळ-अंडी बंद" हे जुनं पथ्य सोडा, त्याने दंडाचे स्नायू झडतात. 62 किलोला रोज साधारण 2,200 ते 2,400 कॅलरी आणि 75 ते 90 ग्रॅम प्रथिनं. एका अंड्यात 6, वाटीभर घट्ट वरणात 7-8 ग्रॅम. मीठ दिवसाला एक सपाट चमचा, लोणचं-पापड त्यातच धरून. झोपताना दीड भाकरी आणि दूध द्याच, कारण रात्रीच्या उपाशी तासांत शरीर स्वतःचे स्नायू मोडून साखर बनवतं. तोंडाने जात नसेल तर नाकातून नळी, त्याला घाबरू नका. थायमिन (बी-1 जीवनसत्त्व) चालू आहे ना? ग्लुकोजच्या सलाईनआधी हवं. आणि अंगदुखीला डायक्लोफिनॅक, आयब्युप्रोफेन अजिबात नको, किडनी बसते.

कृष्णाकाठ
पाणी तपासलंच नव्हतं. मागे लागून संध्याकाळी काढायला लावलं. न्यूट्रोफिल 410 आलेत. नर्सने अल्ब्युमिनच्या बाटल्यांची चिठ्ठी दिली आहे, पहिल्या दिवशी 5. एवढ्या लागतात?

अश्विनी_गॅस्ट्रो
250 च्या वर म्हणजे पोटातल्या पाण्यात इन्फेक्शन. स्टिरॉइड तूर्त थांबवायचं, दुसऱ्या डॉक्टरांचं बरोबर होतं. आधी अँटिबायोटिक, बहुतेक ठिकाणी सेफ्ट्रियाक्सोनने सुरुवात करतात.

चिठ्ठी बरोबर आहे. पहिल्या दिवशी किलोला 1.5 ग्रॅम, म्हणजे 93 ग्रॅम. 20 टक्क्यांच्या 100 मिलीच्या बाटलीत 20 ग्रॅम असतं, म्हणून 5. तिसऱ्या दिवशी किलोला 1 ग्रॅम, साधारण 3 बाटल्या. हे किडनी वाचवायला असतं, ताकदीचं सलाईन म्हणून नाही. 48 तासांनी पाणी पुन्हा काढून न्यूट्रोफिल किमान चौथ्या हिश्श्याने उतरलेत का ते बघतील. तो आकडा आणि क्रिएटिनिन इथे टाका. इन्फेक्शन आटोक्यात आलं तर स्टिरॉइडचा विचार त्यानंतरही करता येतो.

कृष्णाकाठ
बाटल्या आणायला निघालोय. परवा आकडे टाकतो.