मदत हवी आहे : ‘कॅश ऑन डिमांड’ची पूर्ण प्रत कशी ओळखावी?

नमस्कार. हॅमर कंपनीच्या, क्वेंटिन लॉरेन्स दिग्दर्शित ‘कॅश ऑन डिमांड’ या कृष्णधवल ब्रिटिश चित्रपटाबद्दल जाणकारांचे मार्गदर्शन हवे आहे. १९६१ मध्ये अमेरिकेत आलेला हा चित्रपट ब्रिटनमध्ये १९६३ मध्ये, तोही काटछाट होऊन झळकला. त्यामुळे माझ्याकडची प्रत पूर्ण आहे की कापलेली, हे मला ठरवता येत नाही.

बँकेची एक शाखा, मॅनेजरची खोली, खालची तिजोरी आणि बाहेरचा रस्ता, एवढ्याच जागेत सारे घडते. तरीही नाताळच्या तोंडावर विमा कंपनीचा माणूस म्हणून आलेला आंद्रे मोरेल शांतपणे धमकावू लागतो आणि फोनवर बायकोचा आवाज ऐकून पीटर कुशिंगचा करडा, शिस्तप्रिय मॅनेजर घामाघूम होतो, तेव्हा कमी खर्चाची उणीव कुठेच जाणवत नाही. सुरुवातीला तो पिअरसन या हाताखालच्या माणसाला ज्या कोरडेपणाने फैलावर घेतो, तो प्रसंग मला फार मोलाचा वाटतो, कारण पुढची सारी घालमेल त्यावरच उभी आहे.

ब्रिटनमधील प्रतीत नेमके कोणते प्रसंग गाळले होते? दोन्ही प्रती पाहिलेल्या कोणी कृपया सविस्तर सांगावे.