सल्ला हवा: युटामध्ये आईबाबांबरोबर दरीतला ड्राइव्ह आणि घरगुती ॲपल पाय

अंजीरबाग:
नमस्कार मंडळी. आईबाबा पहिल्यांदाच आमच्याकडे सॉल्ट लेक सिटीला आलेत. सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात मी दोन दिवस रजा टाकली आहे. डोंगरातला, दरीतून जाणारा एखादा सुंदर रस्ता त्यांना दाखवायचाय. झायन राष्ट्रीय उद्यानात जायचं नाही, तिथली शटल बसची रांग बाबांना झेपणार नाही. बाबा 72 वर्षांचे, गुडघे दुखतात, पण गाडीत दिवसभर खुशाल बसतात. सासवडजवळ आमची अंजीर-सीताफळाची बाग आहे. सगळं आयुष्य तिथेच गेलं, त्यामुळे झाडं दिसली की त्यांना बरं वाटतं.

आईची एकच मागणी आहे. शेजारच्या आजी ॲपल पाय (मैद्याच्या कवचात सफरचंदाचं गोड सारण भरून भाजतात तो पदार्थ) करताना तिने खिडकीतून पाहिलंय आणि "असा घरी केलेला एकदा खाऊन बघायचाय" म्हणते. दुकानातला डब्यातला नको. ती अंडं खात नाही. रस्ता आणि पाय, दोन्ही एका सहलीत जमेल का? कुणी वडीलधाऱ्यांना घेऊन गेलं असेल तर त्यांचा अनुभव सगळ्यात आधी हवाय.

रानमेवा:
डोळे मिटून कॅपिटल रीफ राष्ट्रीय उद्यानात जा. तुमच्या बाबांबद्दल वाचलं आणि दुसरं काही सुचलंच नाही.

सॉल्ट लेकहून टोरी गाव साधारण 220 मैल, थांबत गेलात तर चार तास. तिथून हायवे 24 राष्ट्रीय उद्यानात शिरतो आणि फ्रीमाँट नदीच्या काठाकाठाने दरीतून जातो. दोन्ही बाजूंना तांबड्या खडकाच्या भिंती, वर पांढरे गोल घुमट. त्या घुमटांवरूनच 'कॅपिटल' हे नाव पडलं, वॉशिंग्टनच्या कॅपिटलसारखे, म्हणजे तिथल्या संसद भवनाच्या घुमटासारखे, दिसतात म्हणून. 'रीफ' म्हणजे वाट अडवणारा खडक. वॉटरपॉकेट फोल्ड नावाची जमिनीची ही एक मोठी घडी आहे, जवळजवळ 100 मैल लांब. लुगड्याला चुणी पडावी तशी जमीन एका बाजूने वर उचलली गेली आणि मग पाण्याने तिला कापत नेलं.

या सगळ्या कोरड्या खडकाच्या मधोमध फ्रुटा ही जुनी वस्ती आहे. 1880च्या दशकात मॉर्मन या ख्रिस्ती पंथाची कुटुंबं इथे येऊन राहिली. कधीच दहाबाराच्या वर घरं नव्हती. त्यांनी नदीचं पाणी पाटाने वळवून चेरी, जर्दाळू, पीच, पेअर, सफरचंद लावली. माणसं गेली, पण बागा राहिल्या. आज उद्यानाकडे जवळजवळ 2,000 झाडं आहेत आणि त्यांना अजूनही पाटानेच पाणी देतात. तुमच्या बाबांना ते पाट नक्की दाखवा. मी माझ्या सासऱ्यांना घेऊन गेले होते, ते बारामतीकडचे. गोल घुमट पाहून "छान आहे" म्हणाले. पाट पाहिल्यावर मात्र वाकून पाण्यात हात घातला आणि बराच वेळ तिथेच उभे राहिले.

पाय मिळतो तो याच बागांमधल्या गिफर्ड हाउसमध्ये. 1908 साली बांधलेलं जुनं शेतघर आहे. गिफर्ड कुटुंब 1928 पासून 1969 पर्यंत तिथे राहिलं. आता तिथे छोटे, एकट्याने किंवा दोघांत खाण्याजोगे पाय विकतात, सोबत आइस्क्रीम आणि मुरंबे. बाहेर झाडाखाली बाकडी आहेत. सकाळी आठला उघडतं. दुपारपर्यंत पाय संपलेले असू शकतात, म्हणून आधी पाय आणि मग बाकी सगळं. मार्चच्या मध्यापासून शरद ऋतूपर्यंतच चालू असतं, तुमच्या तारखांना काही अडचण नाही.

गारगोटी:
+1. मुक्काम टोरीला करा म्हणजे सकाळी लवकर पोचाल. गिफर्ड हाउस व्हिजिटर सेंटरपासून एक मैलावर आहे आणि तिथवर जायला शुल्क नाही. पुढच्या सीनिक ड्राइव्हला, म्हणजे उद्यानातल्या निसर्गरम्य रस्त्याला, गाडीमागे शुल्क आहे, वार्षिक पास असेल तर तो चालतो.

घाटवळण:
एका दिवसात परत यायचं असेल तर लोगन कॅन्यनचाही विचार करा. लोगनहून हायवे 89 ने गार्डन सिटी 40 मैल, वर पोचलं की एकदम निळंशार बेअर लेक दिसतं. तिथे पायऐवजी रास्पबेरी शेक प्रसिद्ध आहे. सप्टेंबरअखेरीस मेपल लाल होतात.

पण दोन दिवस आहेत म्हणता, तर मीही रानमेवांच्याच बाजूने. लोगन पुढच्या खेपेला.

अंजीरबाग:
रानमेवा, तुमचा प्रतिसाद बाबांना वाचून दाखवला. "पाट कुठून काढलाय, नदीवर बांध आहे का?" असं लगेच विचारलं त्यांनी! तिथे फळं तोडू देतात का? आणि आईच्या अंड्याचं काय?

रानमेवा:
तोडू देतात. ज्या बागेला 'यू-पिक'ची (स्वतः तोडा) पाटी आहे तिथेच. बागेत उभं राहून खाल ते फुकट, घरी न्याल ते काट्यावर तोलून पेटीत पैसे टाकायचे. शिड्या आणि फळ काढायच्या काठ्या ठेवलेल्या असतात. शिडीवर तुम्ही चढा, बाबांना खालून सांगू द्या कुठलं पिकलंय ते. सप्टेंबरच्या सुरुवातीपासून ऑक्टोबरच्या मध्यापर्यंत सफरचंदांचे दिवस. फक्त आधी उद्यानाच्या साइटवर किंवा फोनवर चौकशी करा. फेब्रुवारी-मार्चमध्ये ऊन लवकर तापलं की झाडं घाईने फुलतात आणि मागून कडाक्याची थंडी आली की मोहोर जळतो. अशा वर्षी फळ जवळजवळ नसतंच. बागायतदाराला हे वेगळं सांगायला नको.

साजूक_तूप:
अंड्याबद्दल मी लिहिते, कारण आमच्याकडे हाच प्रश्न दरवर्षी येतो.

फळांच्या पायमध्ये सारणात बहुधा अंडं नसतं. फळ, साखर, थोडं लिंबू आणि रस घट्ट व्हायला कॉर्नस्टार्च किंवा मैदा. भोपळ्याचा पाय, पीकान पाय आणि कस्टर्ड असलेले सगळे पाय यांत मात्र अंडं असतंच, ते सरळ सोडून द्या. दोन जागी नकळत फसायला होतं. एक म्हणजे वरच्या पारीला चकाकी यावी म्हणून अंडं फेटून ब्रशने लावतात. दुसरं म्हणजे कवच. जुन्या पद्धतीत मैद्यात डुकराची चरबी, म्हणजे लार्ड, घालतात. हल्ली बरेच जण लोणी किंवा वनस्पती तूप वापरतात, पण गृहीत धरू नका. गल्ल्यावर तीन प्रश्न विचारा: कवचात लार्ड आहे का, वर अंडं लावलंय का, सारणात जिलेटिन (प्राण्यांपासून काढतात ते) आहे का. लाजू नका, इथे कुणाला त्यात वावगं वाटत नाही. वेष्टणावर घटक छापलेले असतील तर तेही वाचा.

उत्तर पटलं नाही तर आईंना आइस्क्रीम आणि झाडावरचं सफरचंद द्या, आणि घरी मी सांगते तसा पाय करा.

घाटवळण:
आता रस्त्याबद्दल, गाडी तुम्हीच चालवणार म्हणून जरा खोलात लिहितो.

हायवे 24 उत्तम डांबरी आणि सोपा आहे. घाटाची सवय असलेल्याला वळणं काहीच वाटणार नाहीत. पेट्रोल टोरीला भरून घ्या, पूर्वेला पुढचा पंप थेट हँक्सव्हिलला, व्हिजिटर सेंटरपासून 37 मैल. उद्यानात खाणावळ नाही आणि बहुतेक ठिकाणी मोबाइलला रेंज नाही, म्हणून नकाशा आधीच उतरवून ठेवा. पाणी भरपूर घ्या. टोरी 6,800 फुटांवर आहे, बाबांना पहिल्या दिवशी दमल्यासारखं वाटलं तर घाई करू नका.

गुडघे सांभाळून बघण्याजोगं खूप आहे. हायवेलगतच फ्रीमाँट या प्राचीन मूलनिवासी लोकांनी कातळावर कोरलेली चित्रं आहेत, तिथे लाकडी फळ्यांची सपाट वाट आहे. शेजारीच 1896ची एका खोलीची शाळा, गाडीतूनही दिसते. गूझनेक्सला गाडीतळापासून जरा चाललं की 800 फूट खाली सल्फर क्रीक वळसे घेताना दिसते. हिकमन ब्रिजची 133 फुटी कमान सुंदर आहे, पण 400 फूट चढ आहे, ती तुम्ही एकट्याने पहाटे उरकून या.

सीनिक ड्राइव्हचा डांबरी भाग जेमतेम आठ मैल आहे. त्याच्या शेवटी कॅपिटल गॉर्ज या अरुंद घळीतला कच्चा रस्ता लागतो. आकाशात ढग असतील तर त्यात शिरूच नका. जुलै ते सप्टेंबर हा इथला पावसाळा. तुमच्या डोक्यावर ऊन असतं आणि दहा मैलांवर पडलेल्या पावसाचा लोंढा काही मिनिटांत येतो. दोन्ही बाजूंना उभ्या भिंती, गाडी वळवायला जागा नसते. विश्वास बसणार नाही, पण 1884 पासून 1962 पर्यंत या भागातला मुख्य रस्ता याच घळीतून जायचा. दर पुरानंतर लोक दगड बाजूला करून वाट पुन्हा मोकळी करायचे. जाणाऱ्यायेणाऱ्यांनी भिंतीवर कोरलेली नावं अजून आहेत. आजचा नदीकाठचा हायवे 1962 साली झाला.

दुसऱ्या दिवशी वेळ उरला तर टोरीहून हायवे 12 ने बोल्डर माउंटनवर निदान तासभर जाऊन या. रस्ता 9,600 फुटांपर्यंत चढतो आणि वरच्या थांब्यांवरून वॉटरपॉकेट फोल्ड पूर्ण दिसतो. हा रस्ता 1985 साली डांबरी झाला. संध्याकाळी तिथे गाडी चालवू नका, हरणं आणि मोकळी सोडलेली गुरं रस्त्यावर येतात.

गारगोटी:
रात्री टोरीला गाडीबाहेर येऊन वर बघायला विसरू नका. कॅपिटल रीफ 2015 पासून डार्क स्काय पार्क, म्हणजे रात्रीचा काळोख जपणारं उद्यान, आहे. अमावास्येच्या आसपास गेलात तर आकाशगंगा स्वच्छ दिसते.

अंजीरबाग:
मंडळी, परवा परतलो. सगळ्यांचे मनापासून आभार, तुमच्या सल्ल्यातली एकही गोष्ट वाया गेली नाही.

सकाळी साडेआठला गिफर्ड हाउसला होतो. साजूक_तूप, तुमचे तिन्ही प्रश्न आईने स्वतः विचारले, मी शेजारी उभा राहून इंग्रजी करून सांगत होतो. समाधान झालं तेव्हाच तिने ॲपल पाय घेतला. पहिला घास बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "दालचिनी जरा कमी घालायला हवी होती, पण फळ शिजवलंय छान, गाळ होऊ दिलेलं नाही." अर्धा खाल्ला. उरलेला बांधून घेतला आणि दुपारी गूझनेक्सजवळ दशम्यांबरोबर संपवला.

बाबांना बागेतून बाहेर काढणं कठीण झालं. पाट कुठून येतो ते पाहायला ते नदीच्या दिशेने हळूहळू चालत गेले, गुडघ्यांची तक्रार न करता. एका जुन्या सफरचंदाच्या बुंध्यावर हात ठेवून "याची छाटणी चांगल्या हाताने झालीय" म्हणाले. पिशवीभर सफरचंदं आणली. काही आंबट निघाली, त्यांचं लोणचं आईने कालच घातलं. दुपारी ढग आले म्हणून कॅपिटल गॉर्ज सोडून दिलं. हायवे 12 वर मात्र गेलो, वरून तो फोल्ड पाहताना तिघंही गप्प होतो.

आता आईचा प्रश्न: उरलेल्या सफरचंदांचा पाय करायचाय. कवचात लोण्याऐवजी साजूक तूप चालेल का?

साजूक_तूप:
चालेल! तूप फ्रीजमध्ये घट्ट करून, थंडगारच मैद्यात चोळा. लोण्यात पाण्याचा अंश असतो, भट्टीत त्याची वाफ होते आणि पापुद्रे सुटतात. तुपात पाणी नसतं, म्हणून पापुद्रे कमी सुटतील, पण कवच करंजीसारखं खुसखुशीत होईल. पाणी बर्फाचं घ्या आणि चमच्याचमच्याने घाला, पीठ मळू नका, नुसतं एकत्र आणा. अर्धा तास फ्रीजमध्ये ठेवून मग लाटा. वरून अंड्याऐवजी दुधाचा हात. आणि आईंना सांगा, दालचिनी त्यांच्या मनाप्रमाणे.