कोजागिरीला बडोद्यातले बायोटेक आणि सॉफ्टवेअरवाले एकत्र बसवायचेत, पण गेल्या वर्षीसारखं नको

पेट्रीबशी (दांडिया बाजार, बडोदे)

नमस्कार मंडळी. प्रश्न लांबलचक आहे, चहा घेऊनच बसा.

मी बडोद्याजवळच्या मंजुसरच्या एका औषध कंपनीत क्यूसी मायक्रोला (म्हणजे मालातले जिवाणू तपासणाऱ्या विभागात) आहे. दिवसभर प्लेट्सवरच्या कॉलनी (वाढलेल्या जिवाणूंचे ठिपके) मोजायच्या आणि संध्याकाळी त्यांच्या नोंदी करायच्या. राहते दांडिया बाजारात, सासऱ्यांच्या जुन्या वाड्यात. वाड्याची अगाशी मोठी आहे (पुणेकरांनी 'गच्ची' वाचावं), साठेक माणसं सहज बसतात.

गेल्या वर्षी गणपतीत आम्ही चौघींनी हौसेने 'बायोटेक आणि आयटीतल्या मराठी मंडळींचा स्नेहमेळावा' भरवला. हॉल घेतला. ८५ जण आले, म्हणजे आकड्यात पास. पण झालं काय, तर सव्वा तास सत्कार. ज्या पुरवठादाराने बटाटेवड्यांचा खर्च उचलला त्याचा बॅनर गणपतीच्या मखरापेक्षा मोठा, आणि त्याच्या माणसाने वीस मिनिटं फिल्टरची माहिती दिली. मी दाराशी तांब्याचं घंगाळ ठेवलं होतं, येणाऱ्याने आपलं व्हिजिटिंग कार्ड त्यात टाकायचं. रात्री घरी येऊन मोजली तर ६१. (कॉलनी मोजायची सवय, दुसरं काय.) त्यातल्या एकानेही दुसऱ्या कोणाला फोन केल्याचं पुढे कानावर आलं नाही.

मला सगळ्यात जास्त लागलं ते वेगळंच. माझ्या हाताखाली नुकतीच एमएस्सी झालेली एक मुलगी होती, तिचं कंत्राट संपत आलेलं. ती पूर्ण वेळ वड्यांच्या टेबलाशेजारी मोबाईलमध्ये डोकं घालून उभी होती. तिच्यापासून चार पावलांवर जे गृहस्थ चटणी वाढून घेत होते, त्यांना नेमकी तशीच मुलगी हवी होती! हे मला आठ दिवसांनी कळलं. तोवर ती अंकलेश्वरला रुजू झाली होती.

म्हणून यंदा कोजागिरी, आमच्याच अगाशीवर, बॅनर नाही, सत्कार नाही. पण नुसतं दूध पिऊन लोक आपापल्या कंपूत बसतील याची भीती आहे. फार्मावाले बोलत नाहीत, गोपनीयतेच्या कागदावर सही केलेली असते, 'काय चाललंय' विचारलं की 'चाललंय' एवढंच. आयटीवाले बोलायला लागले की थांबत नाहीत, आणि आठ वाजले की अमेरिकेचा कॉल म्हणून जिन्यात जाऊन उभे राहतात. आमची सकाळच्या शिफ्टची बस सहाला येते, त्यामुळे आमच्यातले अर्धे दहा वाजता जांभया देतात.

यांना एकत्र बोलतं कसं करायचं? कोणी असं काही केलंय का?

---

सेवउसळ_जादा_तरी

ताई, आधी तारखेचं बघा. कोजागिरी म्हणजे इथली शरद पूनम. त्या रात्री निम्मं बडोदं गरब्याला जातं, नवरात्रीत पाय दुखले म्हणून राहिलेला हिशोब त्या दिवशी पुरा करतात. माझी बायको गुजराती आहे, मी तुमच्याकडे मसाला दूध प्यायला येतो म्हटलं तर घरचं दूध-पौंवा (दुधातले पोहे) कायमचं बंद होईल.

दुसऱ्या दिवशी करा. सुरतेत लोक त्या दिवशी चांदनी पडवो म्हणून घारी खातात, आपण दूध पिऊ. चंद्र एका दिवसात असा कितीसा कमी होतो?

आणि रात्री दहानंतर माइक लावू नका, शेजारी तक्रार करतील आणि नियमही तोच आहे. गाणारा हवाच असेल तर बिनमाइकचा.

---

निवृत्त_फर्मेंटर (मांजलपूर)

चिरंजीव पेट्रीबशी, आशीर्वाद. मी चौतीस वर्षं फर्मेंटेशनला काढली, म्हणजे सूक्ष्मजीव वाढवून अँटिबायोटिक काढायच्या टाक्यांवर. आमच्या वेळी 'नेटवर्किंग' नव्हतं, कंपनीची बस होती. शेजारी रोज तोच माणूस, पाऊण तास. पंपाचं सील गळतंय इथपासून मुलीच्या लग्नापर्यंत सगळं तिथेच. ओळख व्हायला दोघांसमोर एकच वस्तू असावी लागते आणि ती वस्तू थोडी बिघडलेली असली तर फारच उत्तम.

या गावात हे नवीन नाही. १८९० साली सयाजीराव महाराजांच्या आश्रयाने रसायनशास्त्राचे प्राध्यापक त्रिभुवनदास गज्जर यांनी कलाभवन ही कारागिरी शिकवणारी संस्था काढली. तिथे रंगकाम, सुतारकाम, यंत्रकाम एका आवारात शिकवत. दादासाहेब फाळके तिथलेच. पुढे १९०७ ला हेच गज्जर, आपले कोटीभास्कर आणि अमीन यांनी मिळून अलेंबिक ही औषध-रसायनांची कंपनी उभी केली. रसायनवाला, मास्तर आणि धंदा कळणारा असे तिघे एकत्र आले. त्यांची ओळख घंगाळात कार्ड टाकून झाली नसणार.

आता मुद्द्याचं. कोजागिरीला दूध तर आहेच, त्याचीच परीक्षा लावा. मेथिलीन ब्लू. तुला सांगायला नको, पण आयटीच्या मंडळींसाठी लिहितो. कच्चं, न तापवलेलं दूध १० मिली, त्यात निळ्या रंगाचं प्रमाणित द्रावण १ मिली, बूच लावून नळी हलकेच उलटसुलट करायची आणि ३७ अंशाच्या पाण्यात ठेवायची. दुधातले जिवाणू वाढताना प्राणवायू संपवतात, तो संपला की निळा रंग उडतो आणि दूध परत पांढरं. अर्ध्या तासात उडाला तर दूध वाईट, तीन-चार तास टिकला तर चांगलं, पाच तासांच्या वर टिकला तर फार चांगलं. वरची बारीक कड निळीच राहते, कारण तिथे हवा लागते. ती पाहून 'अजून उडाला नाही' म्हणणारा एक तरी निघतोच.

प्रत्येकाने आपल्या भागातलं दूध आणायचं. कोणी दांडिया बाजारातल्या गवळ्याचं, कोणी सावली तालुक्यातल्या गावातलं, कोणी पिशवीचं. (पिशवीचं पाश्चराइझ केलेलं असतं, ते वेगळ्या रांगेत.) नळीवर नाव. साडेसातला नळ्या पाण्यात गेल्या की साडेबाराला पाच तास होतात, म्हणजे चंद्र डोक्यावर. आपली नळी अजून निळी आहे का बघायला माणूस दर अर्ध्या तासाने उठणार, आणि शेजारच्या नळीचा मालक तिथे उभा असणारच. पुढचं त्यांचं ते बघतील.

पिण्याचं दूध मात्र अगाशीच्या दुसऱ्या टोकाला, उकळलेलं. दोन्हींची भांडी एकत्र केलीस तर तुझी डिग्री परत घेईन.

---

लॉग_वाचणारा (गोत्री)

काका, दंडवत. मी आयटीतला, जिन्यात उभा राहणाऱ्यांपैकीच. त्या दिवशी रजा टाकतो.

डोळ्याने बघून 'उडाला' म्हणायचं यात भांडणं होणार. मी एक मोबाईल स्टँडवर लावतो, दर दहा मिनिटांनी एक फोटो, आणि प्रत्येक नळीच्या रंगाचा आलेख भिंतीवर दाखवतो. घरी शाईच्या पाण्यावर करून पाहिलं. अडचण आली ती उजेडाची. ट्यूबलाइटखाली पांढरा कागदच निळसर येतो, चांदण्यात तर सगळंच राखाडी. म्हणून नळ्यांमागे पांढरा कागद कायम ठेवून त्याच्या तुलनेत रंग मोजावा लागेल, आणि दिवा एकच, न हलणारा. बाकी प्रोग्रॅम चाळीस ओळींचा आहे.

दुसरं, पेट्रीबशी म्हणतात फार्मावाले बोलत नाहीत. आमचे तर ते गिऱ्हाईक आहेत, मला उलट अनुभव. त्यांना उत्पादनाबद्दल विचारू नका, ऑडिट ट्रेलबद्दल विचारा. अमेरिकेचा २१ सीएफआर पार्ट ११ हा नियम १९९७ चा. इलेक्ट्रॉनिक नोंद कोणी केली, केव्हा केली, बदलली असेल तर आधी काय होतं, हे सगळं दिसलं पाहिजे. यावर क्यूसीचा माणूस आणि सॉफ्टवेअरचा माणूस दोघेही सारखेच गांजलेले आहेत. मी एकदा एका लॅबमध्ये सहज विचारलं, 'पासवर्ड किती दिवसांनी बदलता?' पुढचा दीड तास मला बोलू दिलं नाही. कोणाचंही गुपित त्यात फुटत नाही.

---

हादग्याची_खिरापत

सगळं छान आहे, पण माफ करा, कोजागिरीची प्रयोगशाळा करू नका. दिवसभर तेच, रात्री पण तेच? माझ्या आईने हे वाचलं तर म्हणेल, लक्ष्मी 'को जागर्ति' विचारत आली आणि ही मंडळी नळ्या मोजत बसली.

मी अलकापुरीत एका छोट्या कंपनीत बायोइन्फोर्मॅटिक्स (जीवशास्त्रातली माहिती संगणकावर तपासणं) करते, म्हणजे फार्मावाले मला आयटीतली समजतात आणि आयटीवाले लॅबमधली. माझी ओळख करून द्यायला मलाच दहा मिनिटं लागतात. 'प्रत्येकाने उठून आपलं नाव आणि हुद्दा सांगा' हा प्रकार मला सहन होत नाही. साठ जणांची नावं ऐकून लक्षात राहतं फक्त खुर्ची टोचते ते.

भोंडल्यातली खिरापत आठवा. झाकलेला डबा, वाजवून बघायचा, 'तिखट का गोड, ओली का सुकी' विचारत ओळखायचं, आणि कोणाला ओळखता आली नाही तर जिची खिरापत तिचा केवढा रुबाब! तसंच करा. प्रत्येकाने झाकणाच्या डब्यात आपल्या कामातली एक वस्तू आणायची. पिपेटची टिप, पीएचचा कागद, बंद पडलेली हार्ड डिस्क, बसचा पास, काहीही. बाकीच्यांनी हलवून, प्रश्न विचारून ओळखायचं. आणणारा गप्प बसेल, पण ओळखणारे चुकले की त्याला राहवणार नाही.

गाण्याला मी आणि माझी मावसबहीण आहोत. माइक नको, पेटी आमची. फक्त गाणं चालू असताना आलेख बंद, ही अट.

---

पेट्रीबशी

एका दिवसात एवढं! काका, नमस्कार करते. सकाळी बसमध्ये वाचून दाखवलं, ड्रायव्हरकाका म्हणाले, माझ्या म्हशीचं दूध न्या, पाच तासांच्या खाली आलं तर नाव बदलेन.

तारीख दुसऱ्या दिवसाची ठरवते. सासूबाईंनी 'पडव्याला कसली कोजागिरी' म्हणून एकदा सुनावलं, मग सेवउसळभाऊंच्या बायकोला दूध-पौंवा घेऊन बोलावलंय म्हटल्यावर गप्प झाल्या. भाऊ, तेव्हा आता वहिनींना विचारा.

खिरापत मला फार आवडली. आमच्याकडच्या मुली बोलायला लाजतात, पण डबा ओळखायला सगळ्यात पुढे असतील. मात्र एक अडचण, कंपनीतून वस्तू बाहेर नेता येत नाही, नवी कोरी टिपसुद्धा. त्यामुळे घरातलीच, पण कामाची आठवण देणारी वस्तू असं करू. मी तर वरणाची डाळ नेणार, आमच्या कॉलनी साधारण तेवढ्याच दिसतात. खिरापत, तुमची अट मान्य, गाण्याच्या वेळी आलेखावर चादर.

मराठी फक्त की सगळ्यांना, यावर आम्हा चौघींत मतभेद आहेत. मला वाटतं ज्याला दूध चालतं तो यावा. इथे तीन पिढ्या राहून आपण घरात निम्मं गुजरातीच बोलतो.

---

नवी_बॅच_२२

मी विद्यापीठातून मायक्रोबायोलॉजी करून बाहेर पडलोय, नोकरी नाही. असा माणूस आला तर चालेल का? माझ्याकडे एक कल्पना आहे, शेणातल्या जिवाणूंवर, पण कोणाला सांगावी कळत नाही. आणि कार्डं नाहीत माझ्याकडे.

---

निवृत्त_फर्मेंटर

अरे, तुझ्यासाठीच तर हे सगळं चाललंय. कार्ड नको, दूध आण.

कल्पना असेल तर बायरॅक या बायोटेक उद्योगांना मदत करणाऱ्या सरकारी संस्थेची बायोटेक्नॉलॉजी इग्निशन ग्रँट बघ. अठरा महिन्यांसाठी ५० लाखांपर्यंत मिळतात, अर्ज जानेवारी आणि जुलैत निघतात. सावलीला बायोटेकचं इनक्युबेटर (नव्या कंपन्यांना सुरुवातीला आधार देणारं केंद्र) आहे, आमच्या पेट्रीबशीच्या बसच्या वाटेवरच. अर्ज लिहिताना पहिल्या पानावर 'क्रांतिकारक' हा शब्द घालू नकोस. जिवाणू कोणता, वाढायला किती तास लागतात, दूषित झाला तर कसं ओळखशील, ते लिही. कच्चा खर्डा त्या रात्री घेऊन ये, नळ्या पांढऱ्या होईपर्यंत मला दुसरं काम नाही.

---

लॉग_वाचणारा

३७ अंशाचं पाणी कुठून आणणार? वॉटर बाथ कोणाकडे आहे?

---

पेट्रीबशी

कंपनीचा आणता येणार नाही. सासूबाईंचा इडलीचा मोठा डबा, त्यात कोमट पाणी, मत्स्यालयाचा हीटर आणि थर्मामीटर. काल रात्री लावून पाहिला, दोन तासांत एका अंशाने हलला. काका, चालेल?

---

निवृत्त_फर्मेंटर

चालेल. आम्ही याहून वाईटावर बॅच काढल्यात. फक्त नळ्यांतल्या दुधाच्या वर पाणी असू दे, आणि हीटर मासे काढून मग आण.